पहिल्या खणातली पेनी

एडिसन, न्यू जर्सी
3 डिसेंबर 2025

चि. ओजस यास,
अनेक आशीर्वाद.

खोकं उघडलंस की सगळ्यात वर तुझा पेन्यांचा अल्बम दिसेल. त्याच्याखाली मिनीजच्या चॉकलेट-गोळ्यांची नळी आणि एक छोटी पुरचुंडी आहे. पुरचुंडी लगेच सोडू नकोस. आधी हे पत्र वाच.

थँक्सगिव्हिंगला तू चार दिवस घरी होतास. शुक्रवारी दुपारी सोफ्यावर पाय पसरून अल्बम चाळत बसला होतास. मी मुद्दाम येऊन तुझ्याशेजारी बसले, कारण त्या दिवशी सांगायचंच असं सकाळपासून ठरवलं होतं. तू पहिलं पान उघडलंस आणि म्हणालास, "आई, ही पहिली अजून किती चकचकीत आहे गं!" मी काही न बोलता चहाचं आधण ठेवायला उठले. म्हणून आता लिहिते आहे.

त्याच्या दोन आठवडे आधी तुझा फोन आला होता. मी ऑफिसातून बाहेर पडत होते. "आई, ऐकलंस का? पेनी बंद झाली." बातमी मी सकाळीच वाचली होती. 12 नोव्हेंबरला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातली शेवटची पेनी पाडली. आपल्या घरापासून गाडीने तासा-सव्वातासावर. 1793 पासून, म्हणजे 232 वर्षं, हे नाणं पाडत होते, आणि एक सेंटाचं नाणं पाडायला 2024 च्या हिशोबाने 3.69 सेंट खर्च येत होता. असा व्यवहार कुठवर चालणार? ते मला पटतं. पण तू पुढे विचारलंस, "मग आपल्या मशिनांचं काय?" त्या "आपल्या"वर मी पार्किंग लॉटमध्येच थबकले. मला वाटत होतं, तो नाद तुझ्यापुरता कधीच संपला.

पेनी लाटून तिच्यावर चित्र उठवणाऱ्या त्या मशिनांचं काय, ते आधी सांगते. पेनी नवीन पाडणार नाहीत, पण जुन्या चालूच राहणार आहेत. घरोघरी बरण्यांत, गाडीच्या कप्प्यांत, दुकानांच्या गल्ल्यांत अब्जावधी पडून आहेत. लाटायला नाणं मिळणार नाही असं इतक्यात होत नाही. मला काळजी आहे ती दुसरीच. आता बऱ्याच ठिकाणी नवी मशिनं आली आहेत. त्यांत पैसे कार्डाने भरायचे, चकती मशीनच देतं, आपण नुसतं बटण दाबायचं. आपली पेनी घालायची नाही आणि हँडलही फिरवायचं नाही. एकदा मी तसं करून पाहिलं. चित्र अगदी स्वच्छ, सुबक आलं. पण ते हातात घेऊन मला काहीच आठवलं नाही, आणि अल्बममध्ये मी ते लावलेलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुला त्यातलं थोडंच आठवत असेल.

डिसेंबर 2011. तू पाच वर्षांचा. आपण पहिल्यांदा ऑरलँडोला गेलो, आत्याच्या घरचेही सोबत होते. डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये सगळे अंधारातल्या एका राइडला निघाले आणि तू दारातच माझा कुर्ता घट्ट धरलास. बाबा म्हणाले, "चल रे, काही होत नाही." तू मान हलवून नाही म्हणालास, रडला मात्र नाहीस. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, आम्ही दोघं इथेच आहोत. आपण दोघं हिंडत राहिलो आणि एका दुकानाच्या कोपऱ्यात ते मशीन दिसलं. लाकडी पेटी, पुढे काच, आतली दातेरी चाकं उघडी, बाजूला भलं मोठं हँडल.

तू विचारलंस, "हे काय आहे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, हा तर उसाचा चरक!"

खरंच तसंच होतं ते. रसवंतीतल्या चरकासारख्या दोन पोलादी लाटा, एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या. एकीवर चित्रं कोरलेली, तीही उलटी आणि खोल, म्हणजे नाण्यावर सुलटी आणि उठावाची येतात. दोन क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटांची नाणी, आणि एक पेनी खाचांमध्ये बसवायची, दांडी आत ढकलायची, हँडल फिरवत हवं ते चित्र खुणेशी आणायचं आणि फिरवत राहायचं. नाणं लाटांच्या मध्ये आलं की हँडल एकदम जड होतं. तिथे तू थांबलास. दोन्ही हातांनी लोंबकळलास तरी हलेना. मग मी तुझ्या हातांवर हात ठेवले आणि आपण मिळून अर्धा फेरा घेतला. आत कुठेतरी बारीक करकर झाली, पुन्हा हँडल हलकं झालं, आणि खालच्या वाटीत टिणकन पेनी पडली. लांबट, पोळीच्या पहिल्या लाटीसारखी. तू ती उचलून माझ्या गालाला लावलीस. "आई, गरम आहे!" कोमटच होती, पण तुला ते फार मोठं वाटलं. पुढे हात करून उभा असलेला मिकी. मागच्या बाजूला लिंकनचा चेहरा ताणून ताणून नुसता सावलीएवढा उरलेला.

घरात त्या दिवसापासून "लाटलेली पेनी" हाच शब्द. त्या दिवशी आपण आणखी तीन लाटल्या. बाबा राइडवरून परत आले तेव्हा तू आपणहून त्यांचा हात धरून त्यांना मशीन दाखवायला नेलंस. आतल्या दिव्यांचं आणि भुतांचं वर्णन करायला तुझा आतेभाऊ टपला होता, पण तू त्याला चाकं कशी फिरतात ते सांगत होतास. बाबांनी हिशोब केला, एक सेंटाची पेनी आणि लाटणावळ पन्नास सेंट. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!" असं ते तेव्हा म्हणाले आणि पुढे प्रत्येक मशीनपाशी म्हणत आले. पण खिशातून क्वार्टर काढायला त्यांनी एकदाही नकार दिला नाही, हे तू लक्षात ठेव.

आता जे सांगायला पत्र लिहायला बसले ते.

घरी आल्यावर ती पहिली पेनी तू उशाखाली घेऊन झोपायचास. महिन्याभरात ती काळवंडली. घामट हातांनी तांबं काळं पडतंच. तू म्हणालास, "आई, चमकव ना." मी तांबटाची मुलगी. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत लहानपण गेलं माझं. घरात हंडे, कळशा, बंब, घंगाळं; चिंच-मीठ लावून घासलं की तांबं कसं लखलखतं ते मी चालायला लागल्यापासून पाहत आले. मी म्हटलं, उद्या सकाळी बघ कशी नव्यासारखी होते ती. रात्री वाटीत चिंचेचा कोळ केला, चांगलं मूठभर मीठ घातलं आणि पेनी त्यात बुडवून झोपले.

सकाळी वाटीत जे होतं ते बघून माझे हातपाय गळाले. कडेचं तांबं तेवढं लाल राहिलेलं. मधे सगळं करडं, खडबडीत, वाळवी लागल्यासारखं. मिकीचा एक कान पूर्ण गेलेला, हात गेलेला. मला कळेचना की तांबं चिंचेने असं खाल्लं कसं जाईल.

तू उठायच्या आत मी ती पुसली, कापडात बांधली आणि देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीमागे ठेवली. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, "ती आता देवापाशी ठेवली आहे, जपून." तू एकदम मान्य केलंस. त्यानंतर दीड वर्ष तू अधूनमधून देव्हाऱ्यासमोर उभा राहून "आतच आहे ना?" असं विचारायचास आणि मी "हो" म्हणायचे. शब्दशः ते खोटं नव्हतं. पण मला दर वेळी घशाशी काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं.

मग मी वाचून काढलं. 1982 पर्यंतची पेनी 95 टक्के तांब्याची होती. त्याच वर्षी ती बदलली. तेव्हापासून आत जस्त, 97.5 टक्के, आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा, अडीच टक्के. अशी पेनी लाटली की मुलामा ताणला जातो, विरतो, आणि खालचं जस्त करड्या रेघांनी वर दिसू लागतं. तांब्यावरचा काळा थर चिंचेने निघतो, खालचं तांबं शाबूत राहतं. जस्ताला आंबट सोसत नाही, ते विरघळतं. मी तुझ्या पेनीला रात्रभर तिच्या वैऱ्याच्या वाटीत ठेवलं होतं.

2013 च्या उन्हाळ्यात आपण पुन्हा गेलो. शेवटच्या रात्री आतषबाजी सुरू व्हायच्या आधीच तू बाबांच्या खांद्यावर झोपलास. एवढे आवाज, पण तू ढिम्म. मी बाबांना म्हटलं, आलेच, आणि गर्दीतून उलटी निघाले. सगळी माणसं किल्ल्याकडे तोंड करून उभी आणि मी त्यांच्यामधून वाट काढत दुकानाकडे. चित्रं बदलत असतात, तोच मिकी असेल याची खात्री नव्हती. होता. त्या वेळी माझ्या पर्समध्ये 1974 ची पेनी होती, जुनी तांब्याची, महिनाभर शोधून ठेवलेली. दुकानात चिटपाखरू नव्हतं. हँडल जड झालं तिथे मला तुझे हात आठवले. एकटीने फिरवलं. पेनी पडली तीही कोमट होती.

घरी येऊन अल्बम आणला आणि पहिल्या खणात ती लावली. तू म्हणालास, "देवाने चमकवली!" मी त्यावर काहीही बोलले नाही. बारा वर्षं झाली.

तुझी खरी पहिली पेनी पुरचुंडीत आहे.

हे एका माणसाला माहीत होतं. 2014 च्या उन्हाळ्यात आप्पाआजोबा तीन महिने आपल्याकडे राहायला आले होते, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, ते तुला आठवतं. पण सगळं नाही आठवत. तू पहिल्याच संध्याकाळी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवलास. आप्पा आधी दचकले. "सरकारी नाणं मोडायचं? इथे चालतं?" आपल्याकडे 2011 च्या नाणे कायद्याने नाण्याची मोडतोड करायला, वितळवायला बंदी आहे, आणि त्यांच्या दृष्टीने तर ती लक्ष्मी. मी सांगितलं, इथे फसवण्याच्या हेतूने नाण्यात बदल केला तर गुन्हा, आठवण म्हणून लाटलं तर नाही. हे खूळ कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, 1892-93 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासूनचं आहे. आप्पा ताठ बसले. "म्हणजे विवेकानंद बोलले तिथलं?" त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ती सर्वधर्म परिषद भरली होती, सप्टेंबर 1893 मध्ये. त्यानंतर त्यांना तुझा अल्बम एकदम जवळचा झाला. देव्हाऱ्यातली त्यांची शिवराई त्यांनी तुला तोंडी काढून दाखवली, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". "ती घणाने ठोकून पाडलेली. ही लाटलेली. दोन्हीकडे ठसा उलटाच कोरावा लागतो बरं का."

मग त्यांनी चष्मा वर केला, पहिलं पान दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ बघत बसले. त्या दिवशीच्या चार पेन्या ओळीने. तीन पेन्यांवर करड्या रेघा. पहिलीवर एकही नाही. ते काही बोलले नाहीत. तू झोपल्यावर मी ओटा पुसत होते तेव्हा आले आणि हळूच म्हणाले, "पहिली बदललीस ना?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, चिंचेत जस्त घातलंस म्हणून. ते म्हणाले, "मला दाखव." पुरचुंडी सोडून त्यांनी ती पेनी तळहातावर घेतली, नखाने कड तपासली, पालथी केली. "पोराला सांग कधीतरी. घाई नाही." एवढंच. आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी बाबांना बँकेत पाठवलं. बाबा पेन्यांच्या दहा गुंडाळ्या घेऊन आले, प्रत्येकीत पन्नास. आणि तुमच्या दोघांचा तो उद्योग सुरू झाला, जो मला वाटतं त्या उन्हाळ्यातला सगळ्यात सुंदर उद्योग होता. आप्पा जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसायचे. तू एकेक पेनी ओट्याच्या ग्रॅनाइटवर टाकायचास. तांब्याची असली की टण्ण वाजून जरा रेंगाळायची. जस्ताची असली की नुसतं ठक्. आप्पा म्हणायचे "तांबं" किंवा "जस्त", तू लगेच भिंगाने साल बघायचास. 1979, तांबं. 1994, जस्त. 2003, जस्त. 1968, तांबं. 1982 आली की तू थांबायचास, कारण त्या वर्षी दोन्ही प्रकारच्या निघाल्या, साल बघून काही कळत नाही, तिथे आप्पांच्या कानावरच भरवसा. मग तू स्वयंपाकघरातला वजनकाटा शोधून आणलास. तांब्याची 3.11 ग्रॅम, जस्ताची 2.5. आपल्या काट्यावर तीन आणि दोन असंच दिसायचं, कधीकधी दोन्हीला तीनच. तू काट्यावर चिडलास. आप्पा म्हणाले, "काट्याला कान नाहीत रे."

सगळ्या गुंडाळ्या संपल्या तेव्हा तांब्याच्या 93 निघाल्या होत्या. त्या त्यांनी स्वतः धुऊन, पुसून, सुती पिशवीत भरून तुला दिल्या.

आणि एप्कॉट, डिस्नेचंच दुसरं पार्क. वर्ल्ड शोकेसमधल्या तळ्याभोवती 11 देशांची दालनं आहेत, चक्कर सव्वा मैलाच्या आसपास. 71 वर्षांचे आप्पा, पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि बाबांचे स्पोर्ट्स शूज. पॅरिसचा खोटा मनोरा, जपानी पॅगोडा, या सगळ्याकडे त्यांनी एकेकदाच पाहिलं. मशीन दिसलं की मात्र कान लावून उभे. पेनी लाटांमध्ये शिरते तेव्हाचा आवाज त्यांना ऐकायचा असायचा. तुझ्या नळीतून एक तांब्याची पेनी निघायची, दोन क्वार्टर निघायचे. ती मिनीजच्या गोळ्यांची नळी क्वार्टर बसायला मापाची, हे इथल्या कुठल्या आईबापाला पहिल्यांदा सुचलं असेल कोण जाणे, पण सगळे जण तीच वापरतात. हँडल तूच फिरवायचास. तेव्हा तुला ते एकट्याने जमायला लागलं होतं.

नाणं गरम का होतं, हे तू तिथेच विचारलंस. आप्पांनी दिलेलं उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण लहानपणी मलाही तेच दिलं होतं. "मार बसला की तांबं तापतं, आणि ताठही होतं. मग ते ऐकत नाही, जास्त ठोकलंस तर चिरतं. म्हणून भट्टीत लाल करायचं, गार करायचं. पुन्हा मऊ होतं, पुन्हा ऐकतं." एक हंडा ठोकून मठारायचा म्हणजे हे किती वेळा करायचं, ते त्यांनी तुला बाकावर बसून हातवारे करून सांगितलं. परवा फोनवर तू मला वर्क हार्डनिंग आणि अनीलिंग म्हणजे काय ते समजावत होतास, आणि मी मुद्दाम मधे बोलले नाही. मला तुझ्या आवाजात ते ऐकायचं होतं.

पुढचं भराभर सांगते. एका पार्कात मशीनने आपले चार क्वार्टर गिळले आणि हँडल अडकलं, काउंटरवरच्या बाईंनी खांदे उडवले, तू गाडीत येईपर्यंत रडत होतास. ते पान मी रिकामंच ठेवलं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला आपण तीनदा गेलो. 2019 मध्ये तू तेरा वर्षांचा होतास आणि कानात इअरफोन घालून आमच्या दहा पावलं पुढे चालायचास. मी मशीनपाशी थांबले की तू लांब उभा राहून फोन बघायचास. मला वाईट वाटत नव्हतं, ते वयच तसं. पण त्या ट्रिपला एका मशीनचं हँडल मला फिरवेना, तेव्हा तू न बोलता परत आलास, माझ्या हातांवर हात ठेवलेस, अर्धा फेरा दिलास आणि पुन्हा पुढे निघून गेलास. ती पेनी 41 व्या पानावर आहे, खालच्या ओळीत, कासवाची. तिच्यामागे मी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे.

2020 च्या ऑगस्टमध्ये आप्पा गेले. विमानं बंद. मी सगळं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. तू तेव्हा माझ्याजवळ रात्रभर बसलास आणि पहाटे म्हणालास, "त्यांच्या पेन्या अजून उरल्यात आई." आपण दोघांनी पिशवी काढली आणि मोजल्या. त्या वेळी 52 होत्या. 2022 मध्ये पुण्याला गेले तेव्हा आळीत फिरले. ठोकण्याचा आवाज आता एकदोन घरांतूनच येतो. बंब कुणी करून घेत नाही, घरोघरी गीझर. आप्पांचा मठारायचा हातोडा घेऊन आले, तो मात्र खोक्यात घातलेला नाही. तो माझ्याकडेच राहू दे.

आपली पावली बंद झाली तेव्हा, 2011 च्या जूनअखेरीस, आप्पांनी घरातल्या सगळ्या पावल्या गोळा करून डब्यात घातल्या होत्या. भोकाचा पैसाही होता त्यात. मी फोनवर विचारलं होतं, आता कशाला ठेवता? ते म्हणाले होते, "धातू आहे, कुठे जाणार आहे?" पेनीची बातमी वाचली त्या दिवशी मला ते वाक्य दिवसभर ऐकू येत होतं.

ओजस, मी तुझ्याशी बारा वर्षं एक गोष्ट बोलले नाही. तू लहान होतास म्हणून नाही बोलले, नंतर तू मोठा झालास तेव्हा एवढ्याशा पेनीचं काय सांगायचं म्हणून नाही बोलले. पण ती एवढीशी नव्हती. अंधाराला घाबरलेल्या माझ्या पोराने माझे हात घेऊन फिरवलेली पहिली गोष्ट होती ती, आणि ती मी विरघळवून टाकली. माझी माफी असू दे. पहिल्या खणात कुठली ठेवायची ते तू ठरव. मी लाटलेली काढून टाकलीस तरी मला चालेल. दोन्ही ठेवल्यास तर मागच्या पानांत पाकिटासारखे रुंद खण आहेत, त्यांत मावतील.

नळीत आप्पांनी निवडलेल्या पेन्यांपैकी उरलेल्या आहेत. 37 आहेत, मोजून घे. त्यातली एक 1982 ची आहे, तिला मी लाल दोरा बांधला आहे. ती तांब्याची आहे, आप्पांनी ऐकून सांगितलेलं. क्वार्टर तुझे तू घाल. तुझ्या कॉलेजजवळच्या प्राणिसंग्रहालयात हँडलचं मशीन अजून असेल तर जाऊन बघ, आणि जाशील तेव्हा फोन कर, मला तो आवाज ऐकायचा आहे.

आता पुरचुंडी सोड. गाठ आप्पांनी मारलेली आहे, कात्री लावू नकोस, सुटते. मिकीचा उरलेला कान डावीकडे आहे. त्या बाजूची कड फार पातळ झाली आहे, अंगठ्याने चोळू नकोस.

बाबांचा तुला आशीर्वाद. थंडी वाढली आहे, कानटोपी घालत जा.

तुझी,
आई